हाडाच्या खनिजासाठी डायमंड एटीआर: घेण्याआधी ४००पर्यंत दिसतं का ते पाहा

हाडातलं खनिज तपासायचं असेल तर टेबलावर मावणारं एफटीआयआर (नमुना कुठला इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो ते मोजणारं उपकरण) आणि त्यावर एका परावर्तनाचं डायमंड एटीआर (नमुना हिऱ्याच्या ‘काचे’वर दाबून मोजायची जोडणी), ही जोडी आज सगळ्यात कामाची आहे. एक-दोन मिलिग्रॅम भुकटी पुरते, मोजणी दोन-तीन मिनिटांत होते आणि मोजलेली भुकटी झटकून परत कुपीत भरता येते. जुन्या पद्धतीत केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये) मिसळून दाबलेल्या गोळीत गेलेलं हाड पुन्हा हाती लागत नाही. उत्खननातला किंवा संग्रहालयातला नमुना असेल तर या एका मुद्द्यावरच निवड होऊन जाते.

तरीही डोळे मिटून घ्यावं असं हे उपकरण नाही. ‘डायमंड एटीआर’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या बांधणीच्या वस्तू विकल्या जातात आणि त्यातल्या काही प्लॅस्टिक, रंग, औषधं यांच्यासाठी उत्तम असूनही हाडासाठी अपुऱ्या पडतात. माहितीपत्रक वाचून हा फरक सहसा लक्षात येत नाही.

आधी हाडात काय बघायचं असतं ते पाहू. ताज्या हाडाच्या वजनात साधारण ६५ टक्के खनिज, २५ टक्क्यांच्या आतबाहेर सेंद्रिय भाग (त्यातला बहुतेक टाइप-१ कोलॅजेन हे प्रथिन) आणि उरलेलं पाणी. खनिज म्हणजे पुस्तकातलं शुद्ध हायड्रॉक्सिॲपेटाइट (कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिलचं खनिज) नव्हे. त्यात कॅल्शियम थोडं कमी, हायड्रॉक्सिल फारच कमी आणि वजनाच्या ४ ते ८ टक्के कार्बोनेट असतं. हे कार्बोनेट फॉस्फेटच्या जागी बसलं तर त्याला बी-प्रकार म्हणतात, हायड्रॉक्सिलच्या जागी बसलं तर ए-प्रकार. इन्फ्रारेडमध्ये या प्रत्येकाची खूण ठरलेली आहे. (पुढचे सगळे आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटिमीटर.) फॉस्फेटचा मोठा डोंगर ९०० ते १२००मध्ये असतो आणि त्याची वाकण्याची दोन शिखरं ६०५ आणि ५६५ला. कार्बोनेट १४१५ आणि १४५५ला जोडीने दिसतं, शिवाय ८७० ते ८८०मध्ये एक लहान शिखर. कोलॅजेनचं अमाइड-१ १६५०च्या आसपास, अमाइड-२ १५५०च्या आसपास.

यातली ६०५ आणि ५६५ची जोडी हाडाच्या कामाचा कणा आहे आणि नेमकी तीच स्वस्तातल्या जोडणीत हरवते.

काच कुठली, तिच्या मागे काय आणि डिटेक्टर कुठला

हिरा स्वतः ४००च्याही खालपर्यंत प्रकाश सोडतो. पण काही जोडण्यांत वर हिऱ्याची पातळ चकती असते आणि तिच्याखाली झिंक सेलेनाइडची लेन्स. झिंक सेलेनाइड ६५० ते ५२५च्या पट्ट्यात कुठेतरी अंधारायला लागतं, नेमकं कुठे ते बांधणीवर अवलंबून. अशा उपकरणावर ६०५चं शिखर अर्धंमुर्धं दिसतं आणि ५६५च्या जागी नुसता गोंगाट येतो. जर्मेनियमची काच तर आणखी आधी थांबते. म्हणून अखंड हिरा आणि आरशांची प्रकाशयोजना, किंवा हिऱ्यामागे केआरएस-५ असलेली जोडणी घ्यावी. केआरएस-५मध्ये थॅलियम असतं आणि ते मऊ असतं, पण ते हिऱ्याच्या मागे बंद राहत असल्यामुळे रोजच्या वापरात हात लागत नाही.

डिटेक्टरचंही तेच. साधा, खोलीच्या तापमानावर चालणारा डीटीजीएस इथे उत्तम. द्रव नायट्रोजनवरचा अरुंद पट्ट्याचा एमसीटी जास्त संवेदनशील असतो खरा, पण तो ७०० ते ७५०च्या आसपास आंधळा होतो. हाडासाठी महागडा डिटेक्टर घेतला आणि नेमकी ५६५–६०५ची जोडीच गेली, असा हा सौदा ठरतो. सूक्ष्मदर्शकावरच्या एफटीआयआर इमेजिंगमध्येही हीच मर्यादा असते.

डेमोला जाताना स्वतःची हाडाची भुकटी घेऊन जा. विक्रेत्याकडची पॉलिस्टायरीनची फिल्म बघून हाडाबद्दल काही कळत नाही. काच रिकामी ठेवून आधी बॅकग्राउंड आणि मग लगेच नमुन्यासारखी मोजणी घ्यायला सांगा. १०० टक्क्यांची सपाट रेषा यायला हवी. ती ४०० ते ५५०मध्ये किती थरथरते ते मोठं करून बघा. मग भुकटी ठेवा आणि ५६५च्या उजवीकडची, ५००च्या खालची दरी तळापर्यंत स्वच्छ उतरते का पाहा. ती उतरत नसेल तर हाडासाठी हे उपकरण घेऊ नका, बाकी कितीही चांगलं असो.

दरी का हवी

स्फटिकाची घडण किती नीट आहे याचा मापदंड म्हणजे स्प्लिटिंग फॅक्टर. घडण विस्कळीत असेल तर फॉस्फेटची ही दोन शिखरं एकमेकांत मिसळून एकच पसरट उंचवटा होतो. घडण सुधारते तशी ती वेगळी होतात आणि मधली ५९०ची खळगी खोल जाते. १९६६ साली टर्माइन आणि पॉस्नर यांनी उंदरांच्या हाडांवर हे मोजलं. १९९०मध्ये वाइनर आणि बार-योसेफ यांनी पुरातत्त्वातल्या हाडांसाठी ते आजच्या सोप्या रूपात आणलं: ६०५ची उंची अधिक ५६५ची उंची, भागिले ५९०च्या खळगीची उंची.

उंची मोजायची ती पायारेषेपासून. एक टोक ७५० ते ७८०च्या सुमारास टेकवायचं, दुसरं ५००च्या खालच्या दरीत. समजा ६०५ची उंची ०.३१ आली, ५६५ची ०.३४ आणि खळगीची ०.२०. बेरीज ०.६५, भागिले ०.२०, म्हणजे ३.२५. आता गोंगाटामुळे खालचं टोक नीट टेकलं नाही आणि पायारेषा फक्त ०.०३ने खाली गेली असं धरा. तिन्ही उंच्या तेवढ्याच वाढतील: ०.३४, ०.३७, ०.२३. उत्तर ३.०९. हाड तेच, भुकटी तीच, तरी आकडा ०.१६ने घसरला. दोन थरांतल्या हाडांची तुलना करताना एवढ्या फरकावरून लोक निष्कर्ष काढतात, म्हणून या दरीबद्दल एवढा आग्रह.

आणखी एक बारीक काटा: हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची एक रेषा ६६७ला येते, म्हणजे पायारेषेच्या मार्गातच. बॅकग्राउंड घेतल्यावर खोलीत माणसं वाढली की ती डोकं वर काढते. कोरडी हवा किंवा नायट्रोजन फिरवण्याची सोय असेल तर ती कायम चालू ठेवा. नसेल तर प्रत्येक नमुन्याआधी नवं बॅकग्राउंड घ्या. १३५० ते १९५०मधल्या वाफेच्या बारीक काट्यांमुळे अमाइड-१ बिघडतं, त्यालाही हाच उपाय.

खल

उपकरणाच्या परीक्षणात खलाबद्दल इतकं कशाला, असं वाटेल. पण आकड्यातली निम्मी चूक तिथे जन्मते. कण मोठे असतील तर हिऱ्याला नीट टेकत नाहीत आणि शिखरांचा आकारही बदलतो. दळण बदललं की स्प्लिटिंग फॅक्टर बदलतो, मग हाड तेच का असेना.

हाडाचा पृष्ठभाग आधी स्काल्पेलने खरवडून काढावा. माती, डिंक, जुनं वार्निश सगळं त्या वरच्या थरात असतं. ड्रिल वापरत असाल तर सगळ्यात कमी गतीवर आणि थांबत थांबत. जळका वास आला म्हणजे कोलॅजेन तापलं आणि तो नमुना वाया गेला. ताज्या हाडातली चरबी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने काढून टाका, नाहीतर १७४५ला एस्टरचं शिखर येतं आणि अमाइड-१च्या कुशीत शिरतं. मग अगेटच्या खलात हाताने दळा. यांत्रिक बॉल मिल वेळ वाचवते, पण उष्णता आणि जोराचे फटके दोन्ही खनिजाला सोसत नाहीत. ती वापरायचीच असेल तर थोडा वेळ, थांबून थांबून आणि सगळ्या नमुन्यांना अगदी सारखीच. ५० मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला भागच घ्या. चाळणीवर उरलेलं फेकू नका, पुन्हा दळून त्याच भुकटीत मिसळा. टणक भाग उशिरा दळला जातो, तो टाकून दिला तर नमुना एकांगी होतो.

प्रकाशित करायचं काम असेल तर एक पायरी वाढवा. एकच भुकटी तीन-चार टप्प्यांत दळायची, प्रत्येक टप्प्यावर वर्णपट घ्यायचा आणि मोठ्या फॉस्फेट शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी विरुद्ध स्प्लिटिंग फॅक्टर असा आलेख काढायचा. प्रत्येक हाडाची एक रेषा मिळते. दळण्यामुळे बिंदू त्या रेषेवरून सरकतो, हाडाची घडण वेगळी असेल तर रेषाच वेगळी येते. कणांचा आकार आणि खनिजाची घडण हे दोन घटक वेगळे काढायला एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही.

दाब, भराव, मोजणी

चिमूटभर भुकटी हिऱ्याचा ठिपका पूर्ण झाकेल इतकीच ठेवा. ढीग करून फायदा नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४, कोन ४५ अंश आणि नमुन्याचा अपवर्तनांक १.५ धरला तर १०००ला प्रकाश नमुन्यात जेमतेम २ मायक्रॉन शिरतो. बाकीची भुकटी फक्त खालच्या थराला दाबून धरते.

दाबाचा स्क्रू फिरवताना पडद्यावर जिवंत वर्णपट चालू ठेवा. शिखर आधी भराभर वाढतं, मग मंदावतं, मग थांबतं. थांबल्यावर आणखी आवळू नका. ठरावीक दाबावर ‘टक्’ करून सुटणारी गुंडी असेल तर उत्तमच, या एका सोयीसाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. टोक सपाट घ्या. टोकदार दांडीखाली वाळूचा एखादा कण सापडला तर सगळा दाब एका बिंदूवर येतो आणि हिऱ्यालाही तडा जाऊ शकतो. उत्खननातल्या हाडात वाळू असतेच.

पट्टा ४००० ते ४००, रिझोल्यूशन ४, स्कॅन ६४. रिझोल्यूशन २ करून काही मिळत नाही, हाडाचे पट्टे मुळातच रुंद आहेत, उलट गोंगाट वाढतो. प्रत्येक नमुन्याचे तीन भराव घ्या. भुकटी काढायची, पुसायचं, नवी चिमूट ठेवायची. एकाच भरावाचे तीन स्कॅन घेतले तर फक्त उपकरणाची स्थिरता कळते, नमुना किती एकजीव आहे ते कळत नाही.

पुसायला आयसोप्रोपेनॉल आणि धागे न सुटणारा टिश्यू. पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर आयसोप्रोपेनॉल ९५०ला स्वतःचं शिखर उमटवतं आणि ते फॉस्फेटच्या ९६०च्या खांद्याला चिकटून बसतं. वर्णपटात २९७०ला अचानक टोक दिसलं की समजावं, काच ओली होती.

केबीआरशी तुलना करू नका

जुन्या प्रयोगशाळांकडे केबीआरच्या आकड्यांच्या वह्या असतात आणि नवं एटीआर आलं की पहिला मोह तुलनेचा होतो. करू नका. केबीआरमध्ये १०३५ला दिसणारं फॉस्फेटचं मुख्य शिखर एटीआरवर १०१० ते १०२०ला सरकतं. शोषण जोरदार असलं की तिथे अपवर्तनांकही झपाट्याने बदलतो, त्याचा हा परिणाम. उपकरण बिघडलेलं नसतं. शिवाय प्रकाश किती खोल शिरतो ते तरंगलांबीवर अवलंबून असल्यामुळे वरच्या तरंगसंख्येची शिखरं बुटकी दिसतात. नुसता खोलीचा हिशोब केला तरी १०३५च्या तुलनेत १४१५चं शिखर ०.७३ पट होतं आणि अमाइड-१चं साधारण ०.६३ पट. म्हणजे कार्बोनेट-फॉस्फेट गुणोत्तर आणि खनिज-कोलॅजेन गुणोत्तर दोन्ही हलतात. स्प्लिटिंग फॅक्टरही दोन्ही पद्धतींत सारखा येत नाही.

सॉफ्टवेअरमधलं ‘एटीआर करेक्शन’ मदत करतं, पण ते तुमच्याकडून नमुन्याचा अपवर्तनांक मागतं. हाडासाठी १.५ ते १.६मधला एक आकडा ठरवा, तो सगळ्यांना एकच लावा आणि निकालासोबत लिहा. दुरुस्त केलेले आणि न केलेले वर्णपट एकाच तक्त्यात मिसळणं ही या क्षेत्रातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक असावी. १०३०/१०२०सारखी, पारगमनाच्या (नमुन्याच्या आरपार प्रकाश सोडून घेतलेल्या) वर्णपटांवर बेतलेली गुणोत्तरं तर एटीआरच्या वाकलेल्या डोंगरावर लावूच नयेत.

केबीआर पूर्ण टाकून द्यावी असं मात्र नाही. २०० मिलिग्रॅम कोरड्या केबीआरमध्ये १ ते २ मिलिग्रॅम हाड, १३ मिलिमीटरच्या साच्यात दाबलेली पारदर्शक गोळी, यात शिखरं जागच्या जागी असतात. मात्र केबीआर ११० अंश सेल्सियसला सुकवलेलं नसेल तर गोळी धुरकट होते आणि पाण्याचा १६४०चा पट्टा अमाइड-१मध्ये मिसळतो. दिवसाला चाळीस नमुने असतील तर एटीआर. चारच नमुने, जुन्या आकड्यांशी जोडायचे आणि हाड भरपूर असेल तर केबीआर.

काय दिसतं, काय नाही

पुरलेल्या हाडात परकं काय शिरलंय हे हुडकण्यात एटीआर फार चांगलं आहे. ७१२ला बारीक टोक असेल तर कॅल्साइट आलंय, मग १४१५वरून काढलेलं हाडाचं कार्बोनेट खोटं. ३६९५ आणि ३६२०ला जोडी दिसली तर चिकणमाती, जिचा मोठा पट्टा फॉस्फेटच्या डोंगराखालीच लपतो. ७९८ आणि ७७८ची जोडी म्हणजे क्वार्ट्झ. १०९६ला खांदा आला की फ्लोराइड खनिजात गेल्याची शंका घ्यावी. कुठलंही गुणोत्तर काढण्याआधी या जागा नजरेखालून घाला, अर्धं मिनिट लागतं. कॅल्साइट काढायला सौम्य ॲसिटिक ॲसिड वापरतात, पण ते हाडाच्या खनिजालाही हात लावतं, म्हणून धुण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही वर्णपट ठेवा.

तापलेल्या हाडातही निकाल स्पष्ट असतो. अमाइड पट्टे आधी जातात, मग कार्बोनेट उतरतं, स्प्लिटिंग फॅक्टर चढतो आणि जोरात भाजलेल्या हाडात ६३०ला हायड्रॉक्सिलचा खांदा दिसू लागतो. एक जागा मात्र हिऱ्याने अडवली आहे. काही जळक्या हाडांत २०१०च्या आसपास सायनामाइडचं शिखर येतं आणि हिरा स्वतः नेमका १९०० ते २३००मध्ये प्रकाश शोषतो. तिथला गोंगाट नमुन्याचा समजू नका आणि तिथे काही दिसलं नाही म्हणून ते नाहीच असंही लिहू नका. अशा नमुन्याची एक केबीआर गोळी करा.

कॅल्शियम इन्फ्रारेडला दिसत नाही. कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर हवं असेल तर एक्स-रे फ्लुओरेसन्स किंवा आयसीपी (प्लाझ्मा वापरून मूलद्रव्यं मोजायची पद्धत) लागेल. तिथे पद्धत तपासायला एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेची हाडाच्या पावडरीची प्रमाण वस्तू, एसआरएम १४८६, वापरावी. तिच्यात कॅल्शियम २६.५८ टक्के आणि फॉस्फरस १२.३० टक्के आहे, म्हणजे मोलमध्ये १.६७. ए आणि बी कार्बोनेट वेगळं काढणं ८७०–८८०च्या पट्ट्यावरून शक्य आहे, पण एटीआरवरचा तो पट्टा लहान आणि वाकडा असतो. वक्र बसवणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेल्या दशांश स्थळांवर भरवसा ठेवू नये.

नकाशा हवा असेल, म्हणजे एकाच हाडात नव्या आणि जुन्या थराची तुलना, तर रामन (लेसरचा विखुरलेला प्रकाश मोजणारं उपकरण) घ्या. एक-दोन मायक्रॉनचा ठिपका मिळतो, ओलं हाड चालतं आणि फॉस्फेटचं ९६०चं शिखर एकटं, उंच आणि सरळ असतं. त्याची रुंदी जितकी कमी तितकी घडण चांगली. तिथली डोकेदुखी म्हणजे प्रतिदीप्ती. पुरलेलं, तपकिरी झालेलं हाड ५३२ नॅनोमीटरच्या लेसरखाली नुसतं चमकतं आणि शिखरं त्या चमकेत बुडतात. ७८५ नॅनोमीटर लेसर आणि मोजण्याआधी काही मिनिटं ठिपका तसाच प्रकाशात ठेवणं, यावर बरंच निभावतं. पण शंभर तुकड्यांतून कामाचे दहा निवडायचे असतील तर रामनचा वेग आणि खर्च दोन्ही परवडत नाहीत, तिथे एटीआरच.

रोजची निगा

एका सशक्त गुराच्या हाडाची २० ग्रॅम भुकटी एकदाच दळा, चाळा, एकजीव करा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत, कोरड्या जागी ठेवा. रोज पहिली मोजणी तिची. पहिल्या दिवशी दहा भराव घेऊन सरासरी आणि विचलन काढून ठेवा. नंतर एखाद्या सकाळी आकडा दोन विचलनांपलीकडे गेला तर नमुन्यांना हात लावू नका. आधी काच पुन्हा पुसा. मग दाबाचं टोक तपासा, त्यावर कालची भुकटी चिकटलेली असते. मग शोषक पुडीचा रंग पाहा, ती ओली झाली की आतला केबीआरचा प्रकाश-विभाजक आणि खिडक्या धोक्यात येतात. त्यानंतर पॉलिस्टायरीनची फिल्म लावून १६०१ची रेषा जागेवर आहे का बघा. ती सरकली असेल तर लेसरचं किंवा जुळणीचं काम निघालं आणि अभियंत्याला बोलवायला हवं. ती जागेवर असून फक्त ५००च्या खालचा गोंगाट वाढला असेल तर बहुधा प्रकाशस्रोत उतरत चाललाय. तो बदलेपर्यंत स्प्लिटिंग फॅक्टर काढणं थांबवा, कार्बोनेट आणि अमाइडचं काम चालू ठेवता येतं.